ओट्याचे सहा कोपरे

परप्रांतात तीन-चार पिढ्या घालवलेल्या आपल्या कुटुंबांत नातवंडांचा अभ्यास घेण्याचे काम आजी-आजोबांकडे असते खरे. पण ते बहुधा पाढे, शुद्धलेखन आणि संध्याकाळची परवचा एवढ्यावरच संपते. मूल सातवी-आठवीत गेले, बीजगणित-भूमितीची पुस्तके घरात आली, की आपण चष्मा पुसण्याचे निमित्त करून हळूच बाजूस होतो. शाळा आहे, शिकवणीचे मास्तर आहेत, आता तर हातातल्या फोनवरही सारे मिळते. आपले जुने गणित कोण ऐकणार, अशी आपण मनाची समजूत घालतो. आम्हीही इतके दिवस तेच करीत होतो. गेल्या हिवाळ्यात मात्र आमच्या इंदूरच्या घरी असा एक प्रसंग घडला, की त्या समजुतीचा आम्हांस फेरविचार करावा लागला.

आमची नात आठवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गातले समजावून सांगणे हिंदीतले आणि घरचे बोलणे मराठी, अशी तिच्या भाषेची तिपेडी वेणी आहे. सहामाहीचा गणिताचा पेपर तिने दप्तराच्या तळाशी दडवून ठेवला होता. डबा शोधताना तो तिच्या आजीच्या हाती लागला. बहुभुजाकृतींच्या आंतरकोनांवर चार उदाहरणे होती आणि चारही चुकली होती. नवल असे, की सूत्र चारही ठिकाणी अगदी बरोबर लिहिलेले होते: भुजांच्या संख्येतून दोन वजा करा आणि एकशे ऐंशीने गुणा. सुसम अष्टकोनाचा प्रत्येक कोन किती, या प्रश्नाला तिने सहा गुणिले १८० म्हणजे १०८० अंश असे उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. एका कोपऱ्यात १०८० अंश म्हणजे जागच्या जागी तीन पूर्ण प्रदक्षिणा. पण ते तिच्या ध्यानातच आले नव्हते. दुसऱ्या एका उदाहरणात प्रत्येक आंतरकोन १५६ अंश असल्याचे सांगून भुजा विचारल्या होत्या. तेथे तिने १५६ हीच साऱ्या कोनांची बेरीज धरली आणि आकृतीच्या भुजा तिनाहूनही कमी आल्या!

“यातले दोन कशाचे गं?” आम्ही विचारले.

“कशाचे म्हणजे? सूत्रातच आहेत ते, आजोबा.”

रागे भरण्यात अर्थ नव्हता. चार मार्क गेल्याचे दुःखही फारसे नव्हते. काळजीची गोष्ट वेगळीच होती. आपल्याला गणित येत नाही, दहावीनंतर ते सोडून द्यायचे, असे त्या पोरीने मनाशी ठरवून टाकले होते. तेराव्या वर्षी स्वतःवर असा निकाल लावून घेतलेला पाहून आम्हांला राहवेना. रद्दीतली पाठकोरी पाने काढली, एक वेडावाकडा पंचकोन काढला आणि म्हटले, “हं, आता या एका शिरोबिंदूतून सारे कर्ण काढ.”

ती कागदाकडे पाहतच राहिली. “पण आजोबा, यात समकोण कुठे आहे?”

क्षणभर आम्हांला उलगडा होईना. मग लक्षात आले, की ज्याला आम्ही काटकोन म्हणतो तो तिचा समकोण. आणि कर्ण म्हटले की तिच्या डोळ्यांपुढे फक्त समकोण त्रिभुजाची सर्वांत लांब बाजू उभी राहते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेषेला हिंदीत विकर्ण म्हणतात. आपल्या मराठीत मात्र एकच कर्ण दोन्ही संसार सांभाळतो. बडोद्याच्या आमच्या व्याह्यांना हे सांगितले, तेव्हा गुजरातीतही कर्ण आणि विकर्ण अशीच वाटणी असल्याचे कळले. शिवाय काटकोनाला गुजराती ‘काटखूणो’ म्हणतात, तेवढा एक शेजारधर्म त्या भाषेने पाळला आहे. बेळगावकडची गंमत याहून मोठी. कन्नड पुस्तकात कोपऱ्यांना जोडणारी रेषा ही कर्ण आणि काटकोन त्रिकोणातली लांब बाजू ही विकर्ण. म्हणजे हिंदीच्या नेमके उलटे! तेव्हा ज्या घरात आजोबा मराठीत शिकले आणि नातू कन्नड किंवा हिंदी पुस्तक घेऊन बसला आहे, तेथे दोघेही बरोबर असून दोघांचाही खोळंबा होणे अगदी साहजिक आहे. मुलाला वाटते, आजोबांना काही येत नाही. आजोबांना वाटते, हल्लीच्या शाळा काही शिकवीत नाहीत.

म्हणून पहिल्या संध्याकाळी आम्ही गणित केलेच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची जोडपी लिहून काढली. आंतरकोन म्हणजे अंतःकोण, लघुकोन म्हणजे न्यून कोण, विशालकोन म्हणजे अधिक कोण, सुसम बहुभुजाकृती म्हणजे सम बहुभुज. (या शेवटच्या ‘सम’मुळे आम्हीच फसलो, आम्हांला आधी दोन, चार, सहा या समसंख्याच आठवल्या.) कोनमापकाला हिंदीत चाँदा म्हणतात, हे मात्र आम्हांला मनापासून आवडले. अर्धचंद्रासारख्या त्या वस्तूला आपल्या बोजड कोनमापकापेक्षा ते नाव कितीतरी शोभते.

दुसऱ्या दिवशी कात्री घेतली. जुन्या पुठ्ठ्याचा हवा तसा त्रिकोण कापायला लावला, त्याचे तिन्ही कोपरे फाडून एका सरळ रेघेवर टोकाशी टोक लावून ठेवायला सांगितले. तिन्ही मिळून रेघ पुरी भरली. दुसरा त्रिकोण, तिसरा त्रिकोण, तोच अनुभव. “नेहमीच होतं असं?” तिने विचारले, आणि हा प्रश्न तिने विचारावा याचसाठी आमची खटपट होती. फाडून पाहिल्याने खात्री पटते, पण सिद्धता होत नाही. दहा त्रिकोणांचे जमले म्हणून अकराव्याचे जमेलच असे नाही. त्रिकोणाच्या शेंड्यातून पायाला समांतर रेषा काढली की पायथ्याचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन होऊन वरती येतात आणि तिघे मिळून सरळ रेघ होतात. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील हा बत्तिसावा सिद्धांत. ही रेषा तिला वर्गात दाखवलेली होती; पुठ्ठा फाडल्यावर ती कशासाठी होती हे तिला कळले.

मग पुन्हा तो पंचकोन. एक शिरोबिंदू निवडला. त्याच्यापासून स्वतःकडे रेषा काढता येत नाही, आणि लगतचे दोघे शेजारी तर भुजांनी आधीच जोडलेले. म्हणजे पाचांतून तीन वगळले, दोन कर्ण निघाले. आणि दोन कर्णांनी आकृतीचे तीन त्रिकोण झाले. तीन गुणिले १८०, म्हणजे ५४०. षट्कोनाचे चार त्रिकोण, ७२०. सप्तकोनाचे पाच, ९००. सूत्रातल्या ‘दोन’चा जन्म तिने आपल्या हाताने असा काढला: प्रत्येक भुजेवर एकेक त्रिकोण उभा राहतो, फक्त निवडलेल्या कोपऱ्याला लागून असलेल्या दोन भुजांना स्वतंत्र त्रिकोण मिळत नाही. आम्ही एवढ्यावर थांबणार होतो. पण तिने आकृतीच्या मधोमध एक ठिपका दिला आणि तेथून पाचही कोपऱ्यांना रेषा ओढल्या. “हे तर पाच त्रिकोण झाले, आजोबा. मग ९०० का नाही?” उत्तर तिचे तिलाच दोन मिनिटांनी सापडले. ठिपक्याभोवतीचे पाच कोन आकृतीच्या कोपऱ्यांत मोडत नाहीत, त्यांची बेरीज ३६०, ती वजा केली की पुन्हा ५४०. तीनशे साठ म्हणजे दोन वेळा १८०. तेच हे दोन, दुसऱ्या दाराने आलेले.

सरावाचे म्हणाल तर आम्ही एक नियम केला. आधी आकृती काढायची, अंदाजाने प्रत्येक कोन सांगायचा, मग मोजायचा, आणि बेरीज शेवटी पडताळायची. पहिल्या पंचकोनाची बेरीज ५४३ आली, दुसऱ्याची ४६८. पाचशे त्रेचाळीस ही चूक नव्हे, पेन्सिलीची जाडी आहे. चाँद्यावर अर्ध्या अंशाने इकडेतिकडे व्हायचेच, आणि पाच कोपऱ्यांत ते साठत जाते. चारशे अडुसष्ट मात्र चूकच. चाँद्यावर आकड्यांच्या दोन ओळी उलटसुलट छापलेल्या असतात, त्यांतली भलतीच वाचली गेल्याने १२६ अंशांचा विशालकोन ५४ लिहिला गेला होता. अंदाज आधी सांगितला असला की ही चूक लगेच लक्षात येते. पाचांपैकी चार कोन १००, ११०, १२० आणि ९५ अंशांचे असतील तर पाचवा किती, ही पुस्तकी उदाहरणे यानंतर ती सुपारी कातरल्यासारखी भराभर करू लागली. (उत्तर ११५.)

आणि अशा वेळी स्वयंपाकघरातून अडचण आली.

आमचा स्वयंपाकाचा ओटा भिंतीच्या कोपऱ्यातून वळलेला आहे, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा. नात भाजी निवडायला बसली असता तिच्या आजीने सहज विचारले, “अगं, या ओट्याचे कोन मोजलेस का?” ती म्हणाली, मोजायचे काय त्यात? गवंड्याने गुण्या लावून बांधलेला ओटा आहे, सगळे कोपरे काटकोनी. कोपरे सहा, तेव्हा सहा नव्वदे ५४०. मग तिची तीच थबकली. कोपरे सहा म्हणजे आकृती षट्कोनी, आणि षट्कोनाची बेरीज तर ७२०! एकशे ऐंशी अंश कोठे गेले? हातातली गवार तशीच राहिली. सूत्र फक्त नीटनेटक्या आकृत्यांनाच लागू असेल, असे तिने म्हणून पाहिले. मग ओट्याचा एक कोपरा मोजण्यात चुकला असेल म्हणून पाहिले. तिच्या आजीला उत्तर ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्याचे तिने अगदी मोकळेपणाने सांगितले. आम्हांला वाटते, त्या दिवशी सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला. दोघी मिळून ओट्याचा नकाशा काढू लागल्या. ओटा मधूनच दोन आयतांत कापून पाहिला. प्रत्येक आयताचे ३६०, मिळून ७२०, म्हणजे सूत्राचे बरोबर! आणि कापल्याची रेघ जेथे येऊन मिळते त्या आतल्या कोपऱ्यात एका आयताचा नव्वद आणि दुसऱ्या आयताची सरळ कड, तिचे १८०, एकत्र येतात. म्हणजे तेथला कोन नव्वदाचा नव्हे, २७० अंशांचा. स्वयंपाक करताना आपण ज्या कोपऱ्यात उभे राहतो, तेथे नव्वद अंश आपल्या बाजूला, हवेत असतात. दगडाच्या बाजूला २७० असतात. आंतरकोन म्हणजे आकृतीच्या आतला कोन, जो आपल्याला सोयीने दिसतो तो नव्हे. पाच नव्वदे ४५० आणि २७०, बेरीज ७२०.

अशा १८० अंशांहून मोठ्या कोनाला मराठीत प्रविशाल कोन म्हणतात. पुस्तकांतील सरावाच्या आकृत्या बहुतेक बहिर्वक्र असतात, म्हणजे त्यांचा एकही कोपरा आत दबलेला नसतो. त्यामुळे हा कोन मुलांच्या फारसा वाट्याला येत नाही. आपल्या घरांत मात्र तो जागोजागी असतो: वळलेल्या ओसरीत, जिन्याच्या बाजूच्या भिंतीत, बोळामुळे कोपरा गेलेल्या प्लॉटच्या नकाशात.

बाह्यकोन आम्ही गच्चीवर शिकलो. खडूने मोठा अष्टकोन आखला आणि तिला त्याच्या कडेने चालायला लावले. प्रत्येक कोपऱ्यावर ती थोडी वळे. पुन्हा मूळ जागी मूळ दिशेला तोंड करून उभी राहिली, तेव्हा एकूण एक प्रदक्षिणा पुरी झाली होती, म्हणजे ३६० अंश. भुजा पाच असोत की पन्नास, वळणांची बेरीज तेवढीच. सुसम अष्टकोनात आठ सारखी वळणे, प्रत्येकी ४५. म्हणून आंतरकोन १८० वजा ४५, म्हणजे १३५. सहामाहीत तिला १०८० आलेले उत्तर हे! १५६ अंशांचे उदाहरणही असेच सुटते. वळण २४ अंशांचे, ३६० भागिले २४, भुजा पंधरा. मग आम्ही मुद्दाम खोडी काढून विचारले, प्रत्येक कोन १०० अंशांचा असलेली सुसम आकृती किती भुजांची? वळण ८०, आणि ३६० भागिले ८० म्हणजे साडेचार. तिने पुन्हा एकदा करून पाहिले आणि मान वर करून म्हणाली, “अशी आकृतीच नाही, आजोबा. तुम्ही फसवताय.” ओट्याच्या कडेने मनातल्या मनात चालून पाहावे, तर पाच वळणे उजवीकडे आणि एक डावीकडे, ४५० वजा ९०, तेथेही ३६०च.

सप्तकोनाने मात्र आम्हां सर्वांनाच दमवले. नऊशे भागिले सात म्हणजे १२८ पूर्णांक ४ सप्तमांश. हे चाँद्यावर कोठे शोधायचे? तेव्हा आम्ही तिला भास्कराचार्यांची गोष्ट सांगितली. इ. स. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त वर्तुळात काढलेल्या सुसम आकृत्यांच्या भुजा काढण्याची रीत दिली आहे. त्रिकोणापासून नवकोनापर्यंत प्रत्येकाला एकेक गुणक; व्यासाला त्याने गुणावे आणि १,२०,००० ने भागावे. षट्कोनाचा गुणक ६०,०००, म्हणजे भुजा व्यासाच्या बरोबर निम्मी. सप्तकोनाचा ५२,०५५, आजच्या गणिताने तो सुमारे ५२,०६६ येतो. इतर आकृत्यांचे गुणक जवळजवळ तंतोतंत असताना सप्तकोन आणि नवकोन यांनीच आचार्यांनाही थोडा चकवा दिला. आणि पाहा, ते भुजांची लांबी सांगतात, कोनांचे अंश सांगत नाहीत. कोनाला आकडा देऊन भूमिती करण्याची आपली शाळेतली सवय त्या ग्रंथाची नव्हे.

उरला प्रश्न असा, की या साऱ्याचा उपयोग काय. तो तिने विचारलाच. उत्तर पायांखाली होते. फरशी बसवताना एका बिंदूभोवती जमणाऱ्या कोपऱ्यांची बेरीज ३६० व्हावी लागते, नाहीतर फट राहते किंवा फरशी फरशीवर चढते. नव्वदाचे चार बसतात, षट्कोनाचे १२०चे तीन बसतात. मधमाशीचे पोळे त्याच हिशेबाचे. अष्टकोनाचे दोन कोपरे म्हणजे २७०, उरलेल्या नव्वदात एक लहान चौरस. पांढऱ्या अष्टकोनांमधून काळे चौरस बसवलेली जमीन काही जुन्या घरांत पाहावयास मिळते, तिचे रहस्य एवढेच. सुसम पंचकोनाचे १०८चे तीन कोपरे ३२४ होतात, ३६ अंशांची फट राहते आणि चौथा काही केल्या मावत नाही.

पण सुसम नसलेले काही पंचकोन मावतात, आणि ते कोणते यावर विद्वानांचे बरेच डोके खर्ची पडले आहे. १९६८ साली एका गणितज्ञाने असे बहिर्वक्र पंचकोन आठच प्रकारचे असल्याचे जाहीर केले. १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात ही माहिती दिली. (त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच सदरात देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्यांची ओळख जगाला झाली होती.) हे वाचून एका वाचकाने नववा प्रकार शोधला. ते प्रसिद्ध झाल्यावर सॅन दिएगोच्या मार्जोरी राइस नावाच्या गृहिणीने कागद-पेन्सिल घेतली. पाच मुलांची आई, गणिताचे शिक्षण शाळेपुरते. मासिक मुलासाठी येत असे. गणितज्ञांची चिन्हे ठाऊक नसल्याने तिने स्वतःचीच चिन्हे तयार केली. पंचकोनाच्या पाच कोनांची बेरीज ५४०, आणि त्यांतले कोणते एकत्र आले असता ३६० होतील, हाच तिचा हिशेब. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती आकृत्या काढी आणि कोणी आले की झाकून ठेवी. १९७७ पर्यंत तिने एकूण चार नवे प्रकार शोधले होते, आणि डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ बाईंनी ते पडताळून बरोबर ठरवले. पंधरावा प्रकार २०१५ साली सापडला आणि पंधराच आहेत याची सिद्धता २०१७ साली मांडली गेली. त्याच वर्षी राइसबाई निवर्तल्या.

ही हकीगत आमच्या घरी दोघींनी ऐकली, आणि आजीने जास्त लक्ष देऊन ऐकली असा आमचा संशय आहे. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी आमच्यापुढे कागदाची एक पंचकोनी चांदणी आली. तिची पाचही टोके ३६ अंशांची आहेत असे खाली दोन अक्षरांत लिहिले होते, आजीच्या आणि नातीच्या. आतल्या खाचांचे कोन आम्ही चाँद्याशिवाय सांगायचे होते.

कोपरे दहा, म्हणजे आठ त्रिकोण, १४४० अंश. टोकांचे पाच छत्तिसे १८०. उरले १२६०, पाच खाचांत वाटले की प्रत्येकी २५२. आम्ही तसे सांगितले. नातीने चाँदा खाचेवर बाहेरून ठेवला, १०८ वाचले आणि ३६० मधून वजा करून पाहिले. मग तिने तो १०८चा आकडा पुन्हा एकदा पाहिला, आणि सुसम पंचकोनाचे पान शोधण्यासाठी वही मागे चाळू लागली.